उशाशी कोण बसणार?

माझ्या आजीच्या गावात बाळंतपणं करणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. कळा सुरू झाल्या की घरातलं एखादं पोर तिला बोलवायला पळायचं. ती आली की आधी चुलीवर पाणी ठेवायला सांगायची, मग पाट ओढून बाळंतिणीच्या उशाशी बसायची. बाळ आणि वार दोन्ही बाहेर पडेपर्यंत उठायची नाही. कधी दोन तास लागत, कधी दीड दिवस. ती कंबर चोळायची, तेल लावायची, पाणमोट फुटली की खालची गोधडी बदलायची. नाळ कापायला तिच्याकडे विळा होता. तो कधी उकळलेला असे, कधी नुसता पुसलेला. तिच्या हातून शेकडो पोरं सुखरूप जन्मली. तिच्याच हातून माझ्या आजीची एक जाऊ गेली. वार अडकली, रक्त थांबेना, आणि तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या जावेची नोंद कुठल्याच वहीत नाही. ‘बाळंतपणात गेली’ एवढंच घरात सांगितलं जायचं, जसं एखादी विहीर आटली म्हणून सांगावं. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असं आपण सहज म्हणतो. गेल्या तीसेक वर्षांत या म्हणण्यातली भीती खूप कमी झाली, हे आधी मोकळ्या मनाने सांगितलं पाहिजे. 1992-93 साली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पहिल्यांदा झाली तेव्हा देशातल्या चार बाळंतपणांपैकी जेमतेम एक दवाखान्यात होत होतं. 2005-06 च्या पाहणीत हे प्रमाण 38.7 टक्क्यांवर आलं आणि 2019-21 मध्ये 88.6 टक्क्यांवर. महाराष्ट्रात तेव्हा ते 94.7 टक्के होतं. त्याबरोबर मृत्यूही घटले. दर लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावतात हे नमुना नोंदणी पद्धतीतून मोजतात. 2001-03 मध्ये देशाचा आकडा 301 होता, 2018-20 मध्ये तो 97 वर आला. महाराष्ट्राचा 149 वरून 33 वर आला. 2018-20 मध्येच केरळ 19 वर होतं आणि आसाम 195 वर, म्हणजे एकाच देशात बाळंतिणीचं नशीब ती कुठे राहते यावर दहापटीने बदलत होतं.

हे यश खरं आहे. आशाताईंनी घरोघर चालून, 102 आणि 108 च्या गाड्यांनी रात्रीअपरात्री धावून ते मिळवलेलं आहे. तरीही मला वाटतं की बाईला घरातून दवाखान्यात आणताना एक माणूस वाटेतच मागे राहिलं. मावशीचा विळा मागे राहिला ते फार चांगलं झालं. पण तिचा पाटही मागे राहिला. कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी लागेपर्यंत जवळ बसून राहणं हेच जिचं काम, त्या कामाचं तिला शिक्षण आहे आणि अधिकारही आहे, अशी बाई आपल्या बहुतेक प्रसूतिगृहांत नाही. मिडवाइफ, सुईण, प्रसाविका, नाव काहीही द्या. तिची जागा रिकामी आहे आणि ती कशी रिकामी झाली हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही.

सुरुवात व्हिएन्नापासून करते, कारण दवाखाना सुरक्षित आणि सुईण धोक्याची हे समीकरण तिथे एकदा पार उलटं निघालं होतं. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. 1841 ते 1846 या वर्षांत पहिल्या विभागात सरासरी जवळजवळ 10 टक्के बाळंतिणी तापाने मेल्या, दुसऱ्यात चार टक्क्यांहून कमी. शहरातल्या गरीब बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागाच्या भरतीचा दिवस असला की त्या दुसरीकडे घ्या म्हणून विनवण्या करत, काही तर रस्त्यातच बाळंत होणं पसंत करत. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर याचं कारण शोधत होता. 1847 च्या मार्चमध्ये त्याचा सहकारी कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याचा चाकू लागून वारला, आणि त्याच्या देहात बाळंतिणींसारखीच लक्षणं सापडली. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणीकडे येत होते. सुईणी त्या खोलीत जातच नव्हत्या. मेच्या मध्यापासून क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर गेलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे दोन टक्क्यांवर आला. आमच्या मावशीचा न उकळलेला विळा आणि त्या विद्यार्थ्यांचे न धुतलेले हात यांत मला तरी फरक दिसत नाही. धोका हातावरच्या घाणीत होता, तो हात कोणाचा याला महत्त्व नव्हतं. पुढे आपल्याकडे आशाताईंनी आणि दाईंनी पाठ केलेल्या ‘पाच स्वच्छता’, म्हणजे स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, नाळ बांधायला स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणं, या त्याच धड्याच्या आहेत. 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्यात लसीबरोबरच या पाच गोष्टींचाही वाटा आहे.

आपल्याकडे हे काम करणारी बाई कोण होती, हेही स्पष्ट बोलायला हवं. बाळंतपण म्हणजे सोयर, रक्त म्हणजे विटाळ. म्हणून नाळ कापायचं काम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत मातंग किंवा इतर दलित, कष्टकरी जातींतल्या बायांकडे दिलेलं होतं. जीव वाचवणारी ती, पण मोबदला शेरभर धान्य नि जुनं लुगडं, आणि बाळंतीण न्हाली की हिचा उंबरठा पुन्हा बंद. तिच्याकडे कौशल्य होतं, पण ते वाढवायची संधी तिला कोणी दिली नाही. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये दलित वस्तीतल्या बाळंतपणांचं जे वर्णन येतं, ते वाचल्यावर जुन्या काळच्या घरगुती बाळंतपणाचं गोड चित्र रंगवावंसं वाटत नाही. पोटात अन्न नसलेल्या कोवळ्या पोरी कळा देत होत्या.

एकोणिसाव्या शतकात या दुःखाला हात घालणारी माणसं महाराष्ट्रात निघाली. 1863 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि विधवांना सांगितलं, इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल सुरक्षित राहील. गरोदर बाईला कुठलाही प्रश्न न विचारता आसरा देणारं असं घर आजही सगळीकडे मिळत नाही. आनंदीबाई जोशींचं मूल जन्मल्यावर दहा दिवसांत गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन आर्यांमधल्या प्रसूतिशास्त्राचा. त्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल उभं राहिलं. 1909 मध्ये सुरू झालेल्या रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने मराठी मुलींना, त्यांतल्या कितीतरी विधवांना, परिचारिका व्हायचा रस्ता उघडला. 1903 मध्ये व्हिक्टोरिया स्मारक निधीतून दाईंना शिकवायचे वर्गही सुरू झाले होते. पण शिकवणाऱ्यांच्या मनात दाई म्हणजे अडाणी आणि घाणेरडी हेच घट्ट होतं. तिच्याकडून काही शिकावं असं फार थोड्यांना वाटलं.

स्वातंत्र्यानंतर खेड्यांसाठी नवी बाई घडवायचं ठरलं, एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. नावातच मिडवाइफ होती. 1951 मध्ये पंजाबात तरनतारनला या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी सुरू झाली. दोन वर्षांचं शिक्षण आणि मुख्य काम बाळंतपण. आमच्या तालुक्यातल्या जुन्या नर्सबाई सायकलवरून, नदीला पूर असला तर हातात चपला घेऊन, बाळंतपणाला जायच्या. मग 1973 मध्ये कर्तारसिंग समितीचा अहवाल आला आणि एएनएम ‘बहुउद्देशीय’ झाली. हिवताप, लसीकरण, कुटुंबनियोजन, सर्वेक्षण सगळं तिच्या गळ्यात पडलं. 1977 मध्ये अभ्यासक्रम 24 महिन्यांवरून 18 महिन्यांवर आला. पुढची वीस वर्षं तिची किंमत नसबंदीच्या केसेस किती आणल्या यावर ठरली. 1996 मध्ये कुटुंबनियोजनाची लक्ष्यं काढून टाकली तोवर बाळंतपण करायचा तिचा सराव सुटून गेला होता. नावातली मिडवाइफ कागदावर उरली. मोठ्या रुग्णालयांतल्या परिचारिकांचंही तेच. नर्सिंगची पदविका किंवा पदवी घेतलेल्या प्रत्येकीची नोंदणी ‘नर्स आणि मिडवाइफ’ अशी होते, पण डॉक्टर खोलीत असले की ती ट्रे धरते.

दाईंचं काय झालं? नव्वदच्या दशकापर्यंत त्यांना प्रशिक्षण आणि ब्लेड-दोऱ्याची पाकिटं दिली गेली. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुशल प्रसूती सेवकाची जी व्याख्या केली तीत पारंपरिक दाई बसत नव्हती. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला पैसे मिळू लागले. महाराष्ट्रात ग्रामीण भागात 700 रुपये. दाईचं दार हळूहळू बंद झालं. हा निर्णय मोठ्या अंगाने बरोबर होता असं मी मानते, कारण आडवं मूल किंवा न थांबणारं रक्त यावर पाटावर बसून उपाय नाही. पण ज्यांना वगळलं त्यांच्याशी कोणी दोन शब्द बोललं नाही, त्यांचा जनसंपर्क वापरला नाही. कर्नाटकातल्या पावगड भागातल्या सूलगित्ती नरसम्मा यांनी पंधरा हजारांवर बाळंतपणं केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षाअखेरीस त्या वारल्या. त्यांचा हात एखाद्या नर्सिंग कॉलेजने अभ्यासला असता तर?

वगळण्याऐवजी सोबत घेतलं तर काय होतं ते महाराष्ट्रातच दिसलं आहे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्या गरोदर बाईला शोधत, तिचं पोट तपासत, धोका दिसला की तिला घेऊन दवाखाना गाठत. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की 92 टक्के बायकांना स्त्रीरोग आहे. त्यांतल्या बहुतेकींची तोवर एकदाही तपासणी झालेली नव्हती. बाई गरोदर असते तेव्हाच ती आरोग्यखात्याला दिसते, बाकी वेळी नाही, ही गोष्ट त्या आकड्याने कायमची सांगून ठेवली. पुढे तिथल्याच 39 गावांत शिकवलेल्या आरोग्यदूत बायका दाईच्या जोडीने बाळंतपणाला हजर राहू लागल्या, बाळाला जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही देऊ लागल्या. 1999 मध्ये निष्कर्ष आले, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. देशाचा घरपोच नवजात बाळ सेवेचा कार्यक्रम त्यातूनच उभा राहिला.

आता मृत्यू नेमके कशाने होतात तिकडे येते. देशात 2001-03 च्या नोंदींनुसार मातामृत्यूंपैकी 38 टक्के रक्तस्रावाने झाले होते. माझ्या आजीची जाऊ त्यांतलीच. बाळ बाहेर आलं की घरातले सगळे बाळाकडे वळतात. मुलगा की मुलगी, रडलं का, वजन किती. खरा धोका त्या क्षणी आईच्या पोटात असतो. नऊ महिने भरल्यावर गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि त्या बंद करणारी एकच गोष्ट असते, गर्भाशयाचं आवळणं. ते आवळलं नाही तर बाई दोन तासांत जाऊ शकते.

एका ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरने मला हे शेजारी उभं करून दाखवलं. एकोणीस वर्षं तिने प्रसूतिकक्षात काढली होती. बाळंतिणीच्या परवानगीने तिने माझा हात तिच्या बेंबीखाली ठेवला. “घट्ट लागतंय? चेंडूसारखं? असं राहिलं पाहिजे. कणकेसारखं मऊ लागलं की समजायचं रक्त जातंय, खाली दिसो न दिसो.” मग तिने सांगितलं की मऊ लागलं तर ती आधी बाईला लघवी करवते, कारण भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन बाळ झाल्याबरोबर दिलेलं असतंच. ते थंड ठेवावं लागतं, म्हणून रोज सकाळी फ्रिजचा थर्मामीटर ती स्वतः बघते. वार पूर्ण आली का हे ती ट्रेमध्ये पसरून, तुकडा सुटलाय का ते बोटाने चाचपून पाहते. आणि मग पहिला तास, दर पंधरा मिनिटांनी, पोटावर हात. प्रसूतिकक्षात टेबल होतं, दिवा होता, सक्शन मशीन होतं, बसायला काही नव्हतं. कोपऱ्यातलं निळं प्लॅस्टिकचं स्टूल तिने स्वतःच्या पैशांनी आणलेलं होतं.

किती रक्त गेलं हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, ही या कामातली सर्वांत मोठी फसगत. कपड्यात, चादरीत, जमिनीवर रक्त जिरतं आणि अंदाज नेहमी कमी निघतो. यावरचा एक साधा उपाय आपल्या शेजारी, बेळगावात सिद्ध झाला. तिथल्या मेडिकल कॉलेजने अमेरिकी संशोधकांच्या साथीने चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत 1620 बायकांचा अभ्यास केला. बाळंतपणं एएनएमच करत होत्या. निम्म्या बायकांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. आणि प्रत्येकीच्या खाली प्लॅस्टिकचा एक कपडा पसरला, ज्याला खाली निमुळती पिशवी आणि तिच्यावर मिलीलिटरच्या खुणा. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले. अर्धा लिटरहून जास्त रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला होता. खेड्यातल्या नर्सबाई, थंड ठेवायला न लागणारी गोळी आणि खुणा केलेली पिशवी, एवढ्यावर हे झालं. अशाच मोजणाऱ्या कपड्याच्या आधारे 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 रुग्णालयांत आणखी मोठा अभ्यास झाला. रक्तस्राव वेळीच ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केले तर गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटतात असं त्यात दिसलं. त्यातही पहिली खूण ओळखणारी बहुतेकदा मिडवाइफच होती.

उरलेल्या कारणांबद्दल थोडक्यात. रक्तदाब वाढून येणारे झटके मॅग्नेशियम सल्फेटने टळतात. 2002 मध्ये 33 देशांत दहा हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या चाचणीत झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. औषध स्वस्त आहे, पण त्यासाठी सातव्या-आठव्या महिन्यात कोणीतरी रक्तदाब मोजायला हवा, पायावरची सूज ‘गरोदरपणात येतेच’ म्हणून सोडून देता कामा नये. अंगात रक्त कमी असणं हे तर सगळ्याच्या मुळाशी आहे. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर बायका रक्तक्षयाच्या होत्या. सातच्या हिमोग्लोबिनवर बाळंत होणारी बाई, जे रक्त दुसरी सहज गमावते, तेवढ्यातच संपते. लोहाच्या गोळ्या घरात असतात. काळी शी होते, मळमळतं, सासू म्हणते मूल काळं होईल, म्हणून त्या डब्यात राहतात. हे समजावायला वेळ लागतो, आणि वेळ कोणाकडे आहे हाच प्रश्न पुन्हा येतो.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी 1994 मध्ये मातामृत्यूंमागच्या तीन उशिरांची मांडणी केली. निघायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. महाराष्ट्राच्या नकाशावर हे तिन्ही बोट ठेवून दाखवता येतात. सातपुड्यात अक्राणीच्या पाड्यांवरून, पालघरमध्ये मोखाड्याच्या डोंगरातून आजही कळा येणाऱ्या बाईला बांबूला झोळी बांधून खाली आणतात. 2020 मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेतून स्वतः होडी वल्हवत गरोदर बायकांपर्यंत पोचत होत्या. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार अशा भागांत ‘माहेरघर’ ही योजना आहे. तारीख जवळ आली की बाईने आरोग्य केंद्राजवळच्या खोलीत येऊन राहायचं. नाव फार सुंदर ठेवलंय. पण कोरकू किंवा माडिया बाईला तिथे तिची भाषा बोलणारं, तिच्या रीतीने उकिडवं बसून बाळंत होऊ देणारं कोणी नसेल, घरची लहान पोरं कोणाकडे ठेवायची हे सुटलं नसेल, तर ते माहेर होत नाही. उकिडवं बसणं, कुशीवर होणं, दोराला धरून उभं राहणं, हे सगळं आज जागतिक आरोग्य संघटनाही मान्य करते. आदिवासी बायका ते आधीपासून करत होत्या. आपण त्यांना टेबलावर उताणं झोपवलं.

आणि ऊसतोडीच्या बायका. बीड, अहिल्यानगर, जालन्याहून दिवाळीनंतर टोळ्या निघतात, सहा महिने फडावर. त्यांत गरोदर बायका असतात. आशाताईची वही गावात, बाई कारखान्यावर. एका दिवसाचा खाडा झाला की दोघांच्या कोयत्याचे पैसे कापले जातात, म्हणून सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं. 2019 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची माहिती आली. त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. आधी बाळंतपणात दुर्लक्ष, मग पांढरं जाणं, पाठदुखी, आणि मग ‘पिशवी काढून टाका’. मुंबई प्रांतात 1929 मध्ये गिरणीतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याच्या आधी विधिमंडळात बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू जोरात मांडली होती. 2017 पासून संघटित क्षेत्रातल्या बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. फडावरच्या बाईला अजून एक दिवसही नाही. ही गोष्ट लिहिताना मला संताप आवरत नाही.

दुसऱ्या टोकाला शहरं आहेत. तिथे उपचार कमी पडत नाहीत, जास्त होतात. 2019-21 मध्ये देशात 21.5 टक्के बाळंतपणं सिझरने झाली. सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के, खाजगीत 47.4 टक्के. महाराष्ट्रात एकूण 25.4, तेलंगणात तर 60.7 टक्के. बायकांची हाडं सरकारी फाटकातून खाजगी फाटकात गेल्यावर बदलत नाहीत. सिझर ही जीव वाचवणारी शस्त्रक्रिया आहे, ती वेळेवर न मिळाल्याने मेलेल्या बायका मला माहीत आहेत. पण विनाकारण केलेल्या पहिल्या सिझरमुळे पुढच्या खेपेला वार खाली चिकटण्याचा, गर्भाशय फाटण्याचा धोका वाढतो, हे सही घेताना कोणी सांगत नाही. एकट्या डॉक्टरांनाच दोष देणं मला पटत नाही. तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये एकच डॉक्टर, तो रात्रभर प्रत्येकीजवळ बसू शकत नाही, आणि बसणारी दुसरी कोणी तयारच केलेली नाही. वाट बघणं हे एक काम आहे आणि त्याला माणूस लागतं.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात बाळंत झाली. चौदा तासांत दोनदा कर्मचाऱ्यांची पाळी बदलली. पाच वेगवेगळ्या माणसांनी तिची आतून तपासणी केली, एकानेही नाव सांगितलं नाही. ती कळवळली तेव्हा “आता कशाला ओरडतेस” हे ऐकायला मिळालं. मी बाहेर बाकावर होते, आत सोडत नव्हते. बाळ छान आहे, तीही बरी आहे, कागदावर सगळं ‘नॉर्मल’. पण ती अजून त्या रात्रीबद्दल बोलत नाही, आणि दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की उठून आत जाते. कळांच्या वेळी सोबतीला आपलं माणूस असावं असं केंद्र सरकारचेच निर्देश सांगतात. 2017 मध्ये सुरू झालेल्या, प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात आदराने वागवण्याचा मुद्दा लिहिलेला आहे. भिंतीवर फलक असतो, दार मात्र बंद.

तेलंगणाने आपल्या सिझरच्या आकड्याकडे पाहून 2017 मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटल आणि युनिसेफच्या मदतीने सरकारी परिचारिकांना पूर्णवेळ मिडवाइफ म्हणून घडवायला सुरुवात केली. 2018 च्या डिसेंबरमध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अनुभवी परिचारिकेला 18 महिन्यांचं शिक्षण, आणि मोठ्या रुग्णालयाच्या आवारात मिडवाइफने चालवलेला वेगळा कक्ष. धोका नसलेली बाई तिच्याकडे, गुंतागुंत दिसली की शेजारच्या खोलीत डॉक्टर. हे काही नवं नाही. श्रीलंकेत 1926 मध्ये कळुतरेला पहिलं आरोग्य केंद्र निघालं आणि घराघरात जाणारी शिकलेली सार्वजनिक सुईण उभी राहिली. 1930 च्या दशकात तिथे लाखामागे दोन हजारांवर माता मरत होत्या, आज तो आकडा चाळिशीच्या खाली आहे. श्रीलंका तेव्हा श्रीमंत नव्हता, आजही नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2021 साली आलेल्या अंदाजानुसार मिडवाइफची सेवा सर्वांपर्यंत पोचली तर 2035 पर्यंत जगातले मातामृत्यू 67 टक्क्यांनी कमी होऊ शकतात.

डॉक्टरांची शंका मी ऐकलेली आहे आणि ती खोटी नाही. चूक झाली तर जबाबदार कोण? ठणठणीत बाई दहा मिनिटांत धोक्यात जाते तेव्हा मिडवाइफ वेळेवर हाक मारेल का? उत्तर शिक्षणात आणि कायद्यात आहे. तिने काय करायचं, कोणतं औषध स्वतः द्यायचं, कधी हात थांबवून डॉक्टरला बोलवायचं, हे लिहिलेलं हवं. 2023 मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला, त्याने 1947 चा जुना कायदा बदलला. आता वेगळं पद, वेगळी बढती, वेगळा पगार यांवर गाडं अवलंबून आहे. एरवी 18 महिने शिकवलेली बाई पुन्हा सर्वसाधारण परिचारिकांच्या यादीत जाते आणि यादी फिरत राहते.

मला बाळंतिणीचं पोट चाचपायला शिकवणारी ती सिस्टर आता नेत्र विभागात आहे. सर्वांनी सगळ्या विभागांत काम केलं पाहिजे असा आदेश निघाला आणि एकोणीस वर्षांनंतर तिची पाळी आली. प्रसूतिकक्षातल्या परिचारिकांना असं फिरवू नये असे निर्देश असतानाही. तिच्या जागी पुरुषांच्या शल्यकक्षातून एक नवी मुलगी आली, हुशार, पण वार पसरून बघायला घाबरणारी. सिस्टर ड्यूटी संपल्यावर आठवडाभर रोज संध्याकाळी तिच्याजवळ थांबली. गर्भाशय हाताला कसं लागतं, फ्रिजचं तापमान कुठे लिहायचं, कोणत्या पाड्यावरून येणाऱ्या बायकांना मराठी कळत नाही, सगळं दाखवलं. मी विचारलं, ते निळं स्टूल नेलं का बरोबर? नाही म्हणाली. तिथे दुसरं काही नाही, त्या पोरीला बसायला लागेल.